जाताना तिकीट दादांचं, येताना नानांचं

आमच्या आणि नानांच्या शेतामध्ये एक बांध आहे. म्हणजे सातबाऱ्याच्या हिशेबानं आहे. लहानपणी त्याच्यावरून बैलगाडीचं एक चाक आरामात जायचं. आता माणूस चालला तरी एक पाय त्यांच्या तुरीत आणि एक आमच्या हरभऱ्यात पडतो. दोन्हीकडून कोरून कोरून त्याची पार दोरी झाली. नांगरटीला वीतभर त्यांनी घ्यायचा, पुढच्या वर्षी वीतभर आम्ही. नाना म्हणजे दादांचे, माझ्या वडलांचे, चुलतभाऊ. दोघांचा आजा एक, आड एक, आणि औसा तालुक्यातल्या त्या काळ्या रानात दोघांची वाटणीही सारखीच, नऊ-नऊ एकर.

या बांधावरून दोघांची केस चालली अकरा वर्षं. तारखेच्या दिवशी सकाळी फाट्यावर दोघंही एकाच एसटीची वाट बघत उभे असायचे, कारण दुसरी एसटी नव्हती. जाताना तिकीट दादा काढायचे, येताना नाना. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, कुणालाच माहीत नाही. कोर्टात वकील एकमेकांवर तुटून पडायचे आणि हे दोघं दोन बाकांवर गप्प. जेवणाच्या सुट्टीत मात्र बाहेरच्या लिंबाखाली एकच धडपं सोडलं जायचं. आईच्या भाकरी, काकूचा ठेचा. नानांच्या वकिलानं एकदा वैतागून विचारलं होतं म्हणे, "तुमी भांडायला आलाव का सहलीला?" संध्याकाळी धडपं ज्याचं त्याच्या घरी जायचं, आणि त्यात काहीतरी बांधलेलं असायचं. मूठभर शेंगा, गुळाचा खडा, काहीच नसलं तर चार बोरं. रिकामं धडपं किंवा रिकामा डबा परत करायचा नाही, ही रीत केसच्या आधीची होती आणि केस तिला आडवी आली नाही.

हे सगळं आठवायला निमित्त झालं एका भाषणाचं. लातुरात एका कार्यक्रमाला गेलो होतो. वक्ते चांगले होते, आवाज तर फारच चांगला. ते म्हणाले, पश्चिमेची संस्कृती स्पर्धेची आणि आपली, म्हणजे एकूण पूर्वेचीच, सहकाराची. तिकडं 'मी', इकडं 'आम्ही'. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग घरी आलो, जिना चढून गच्चीवर गेलो, आणि आपण टाळ्या का वाजवल्या असं वाटलं.

कारण माझं घर ट्यूशन एरियात आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, लातुरात हा पत्ता पुरतो. वरच्या दोन खोल्या मी पोरांना भाड्यानं देतो. नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणारी पोरं, लोखंडी कॉट, एकेक टेबल, मेसचा डबा. नावं लक्षात राहत नाहीत म्हणून आम्ही गावावरून हाका मारतो. यंदा एका खोलीत जिंतूरकर आणि कंधारकर आहेत. दोघंही गुणी. खोलीत झाडू एक दिवस हा मारतो, एक दिवस तो. एकाला ताप आला तर दुसरा मेसवाल्याकडून खिचडी आणतो. पण रविवारच्या टेस्टचा निकाल मोबाईलवर आला की दोघं दोन दिशांना तोंड करून बसतात. मागं एकदा बायको रात्री दोनला पाण्याची टाकी बघायला वर गेली. खाली येऊन म्हणाली, "तो कंधारकर पांघरुणात बॅटरी लावून वाचलालाय." लाईट गेली नव्हती. जिंतूरकराला कळू नये म्हणून. दहा वाजता त्यानं त्याच्यासमोर जांभई देऊन, "चल, झोपू" म्हणून स्वतःच दिवा मालवला होता. जिंतूरकर काय करत होता? तो रोज पहाटे चारला "पळायला" जातो. कुठल्या अभ्यासिकेत पळतो ते मला माहीत आहे, कंधारकराला नाही.

पोरांना नावं ठेवायला हे सांगत नाही. भाषणातला 'आम्ही' माझ्या गच्चीवर कुठं दिसेना, एवढंच.

मग विचार केला, गावात तरी तो होता का? होता. पण भाषणात होता तसा नव्हता.

आमचं रान खोल काळं. लाकडी नांगर होते तेव्हा उन्हाळ्यात तापून दगड झालेली ती ढेकळं उलथायला सहा-सहा, आठ-आठ बैल लागायचे. नऊ एकरांच्या कुणब्याकडं आठ बैल कुठून येणार? दादांकडं एक जोडी, नानांकडं एक जोडी, आणखी दोघांच्या दोन. झाली सावड. कुणी तिला वारंगुळा म्हणायचं. आज तुझ्या रानात, परवा माझ्या. आणि एखाद्याचं रान पार मागं पडलं, घरात आजारपण निघालं, कर्ता माणूस गेला, तर इर्जिक. इर्जिकीत सगळा गाव औतं घेऊन एका रानात उतरायचा आणि दिवस मावळायच्या आत रान तयार करून द्यायचा. मजुरी नाही, त्या घरचं एक जेवण. आमच्या आईला अजून आठवतं, नानांच्या थोरल्या भावाला पान लागलं, म्हणजे साप चावला, त्या साली त्यांच्या रानात एकोणीस औतं होती. पुरणावर पुरण शिजत होतं आणि घरची बाई एकीकडं डोळे पुसत होती, एकीकडं वाढत होती. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण मला शाळेत कळली नाही, या एकोणीस औतांवरून कळली.

पण याच गोष्टीत भांडणही होतं, आणि ते कोणी भाषणात सांगत नाही. काळ्या रानाला वाफसा लागतो. पाऊस पडला की दोन दिवस पाय ठेवता येत नाही, औताला चिखल चिकटतो. पुढं ऊन धरलं की चार-पाच दिवसांत वरचा थर आवळतो. मधले तीन-चार दिवस पेरणीचे. त्या तीन-चार दिवसांत चौघांनाही तीच जनावरं हवी असतात. मग आधी पेरा कुणाचा? सावड म्हणजे प्रेमानं हातात हात घालणं नव्हतं. सावड म्हणजे पाळी. आणि पाळी आली की डोळा आला, मोजणं आलं, "मागच्या साली तुमचं आधी झालतं" आलं. दादा आणि नाना सालाआड पाळी लावायचे. एका साली नानांची पाळी आधी होती. त्यांचं नऊ एकर पेरून झालं आणि त्याच रात्री जो पाऊस लागला तो सहा दिवस. आमचा वाफसा गेला. दुबार मशागत, उशिराचा पेरा, निम्मं पीक. नानांची चूक काय? काहीच नाही. पण त्या साली दादांनी पहिल्यांदा बांध टेप लावून मोजला. केसचं मूळ बांधात नव्हतं, वाफशात होतं. हे मला पंचविशी ओलांडल्यावर कळलं आणि वकिलांना कधीच कळलं नाही.

तरी अकराही वर्षं बैल एकत्रच चालले. सोडून जाणार कुणाकडं? दुसऱ्या कुणाकडं जोडी मोकळी नव्हती. केस संपली तीही अशीच. एका जूनमध्ये तारीख आली नेमकी वाफशाच्या दिवशी. वादी तिफणीमागं होता, प्रतिवादी बैलांपुढं होता, आणि कोर्टात दोघांच्याही नावाचा पुकारा होऊन गेला. केस काढून टाकली गेली. दोघांनीही ती परत उभी केली नाही.

आमच्यासारखं हे जगात आणखी कुठं आहे का, याचा मला नंतर नाद लागला. कोरियात भातलावणीच्या वेळी एकमेकांकडं पाळीनं राबायचे, त्याला ते पुमासी म्हणतात. श्रम द्यायचे, श्रम परत घ्यायचे. जपानात 'युई' आहे. तिथल्या शिराकावा-गो नावाच्या डोंगरी गावात गवतानं शाकारलेली उंच उतरत्या छपरांची घरं आहेत, १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत. अशा घराचं छप्पर तीस-चाळीस वर्षांनी बदलावं लागतं आणि तेव्हा शेकड्यानं माणसं चढून एक-दोन दिवसांत ते उतरवतात नि नवं घालतात. कुणाच्या घरी कोण किती दिवस राबलं याच्या वह्या असायच्या. या वह्यांबद्दल वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे तिकडंही मोजत होते! मोजल्याशिवाय सावड चालत नाही, हे आमच्या आज्याचं मत होतं. "इसरला त्याला सावड न्हाई."

अभ्यासकांनी यावर विचार केलेलाच आहे. २०१४ साली चीनमधल्या ११६२ विद्यार्थ्यांची पाहणी करून एक मांडणी पुढं आली. ज्या भागात पिढ्यानपिढ्या भात पिकतो तिथली माणसं नातं आणि समूह धरून विचार करतात, गहू पिकवणाऱ्या भागातली जास्त सुटी सुटी. कारण भाताला पाणी वाटून घ्यावं लागतं आणि राबणूक गव्हाच्या दुप्पट. पूर्व-पश्चिम हा भेद एकाच देशात, यांगत्से नदीच्या अलीकडं-पलीकडं निघाला. म्हणजे प्रश्न दिशेचा नव्हता, ताटातल्या धान्याचा होता.

आता आम्ही काय? आमचं ज्वारीचं रान. पाट नाही, वाटून घ्यायला पाणी नाही. भातवाल्यांसारखं एकत्र यायचं आम्हाला कारणच नव्हतं असं कुणी म्हणेल. पण मला वाटतं आम्ही वेळ वाटून घेत होतो. वाफशाचे ते तीन-चार दिवस हेच आमचं पाटाचं पाणी. सोळा आणे संस्कृती म्हणून आपण जिचा गौरव करतो, तिच्यातले बारा आणे तरी बैलांचं गणित होतं. चार आणे काय होते ते मला अजून नीट सांगता येत नाही. एकोणीस औतं आली त्यातली निदान चार-पाच अशी होती की ज्यांना परतफेडीची आशा नव्हती. त्या घरात राबणारा पुरुषच उरला नव्हता.

त्याच अभ्यासकांपैकी एकानं दुसऱ्या काहींना बरोबर घेऊन २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली आणि तिच्यावर टाळ्या पडणं अवघड आहे. चिनी लोक अमेरिकी लोकांपेक्षा आपल्याच गटातल्या माणसाकडून दगाफटक्याची जास्त अपेक्षा धरतात, आणि चीनमध्येही भाताच्या भागात हे जास्त. जिथं सगळं एकत्र, तिथंच एकमेकांवर डोळा. हे वाचलं आणि मी हसलो. यासाठी विद्यापीठ कशाला पाहिजे? आमच्याकडं एक शब्द आहे, भावकी. जो आपल्या लग्नात मांडव घालतो आणि पोरगी बघायला आलेल्यांना वेशीवर गाठून आपल्या जमिनीचा खरा आकडाही सांगतो, तो भावकीतला. खेकड्यांची टोपली हा मराठी माणसाचा खास रोग आहे असं समजून आपण स्वतःला फार शिव्या देतो. टोपलीवर झाकण लागत नाही, एक वर चढला की बाकीचे ओढतात. मला ती गोष्ट कधी आवडली नाही. टोपलीत त्यांना भरलं कुणी, हे ती सांगत नाही. जपान्यांकडं तर म्हणच आहे की वर आलेली मेख ठोकली जाते. माझा भाचा नागोयात असतो. तो सांगतो, तिथं शाळेच्या क्रीडादिनाला पोरांचे लाल आणि पांढरा असे दोन संघ करतात. पोरं जीव तोडून पळतात, पण गुण संघाच्या खात्यात जातात. त्याच्या पोरीला विचारलं, पहिली आलीस का? ती म्हणाली, लाल आले.

आमच्या गावातही चढाओढ अशी जिरवायच्या जागा होत्या. जत्रेतली कुस्ती घ्या. दोन्ही मल्ल घामाघूम, अर्धा तास झाला, निकाल लागेना, की पंच बरोबरीत सोडवायचे आणि इनाम निम्मं-निम्मं. सप्ताहातली पंगत घ्या. एका साली नानांनी बुंदी घातली. पुढच्या साली दादांनी बालुशाही घातली, कर्ज काढून. आई महिनाभर बोलली नाही. पण ती चढाओढ गावाच्या पोटात गेली, हेही खरं. इरेला पेटणं आणि इर्जिक घालणं, दोन्ही गोष्टी त्याच गावात, त्याच माणसांत होत्या.

मग ट्रॅक्टर आला. तासाचा दर ठरला. आधी पैसे देईल त्याचं आधी. सावड बंद पडली, आणि तिच्याबरोबर पाळीवरून होणारी भांडणंही. ट्रॅक्टरला दोष देणाऱ्यांतला मी नाही. तापलेल्या रानात अनवाणी सहा बैलांमागं चालून बघावं, मग बोलावं. फक्त एक झालं. नानांशी बोलायचं कारण दादांना उरलं नाही. आता भांडायचंही नाही.

पण चढाओढीचा तोंडवळा बदलताना मी पहिल्यांदा पाहिला तो ट्रॅक्टरच्या वेळी नाही, भूकंपाच्या वेळी. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. मी बारावीला होतो, विसर्जनासाठी लातूरहून गावी आलो होतो. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी-सास्तूरकडं जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, दहा हजारांच्या घरात माणसं गेली. आमचं गाव तिथून दूर. भिंती फाटल्या, माळवदं खचली, माणसं वाचली. पुढचे बारा-पंधरा दिवस सगळी गल्ली मारुतीच्या पारापुढं उघड्यावर झोपली आणि चूल एकच होती. नानांची काकू आणि आमची आई एका परातीत पीठ मळायच्या. केस तेव्हा ऐन भरात होती.

आणि मग पंचनामा आला. वाईट काही नव्हतं त्यात, मदत यायची तर मोजणी हवीच. पुढं बावन्न गावं संपूर्ण नव्या जागी वसवली गेली, बाकीच्यांची नुकसानीप्रमाणं वर्गवारी झाली. पण ज्या दिवशी साहेब वही घेऊन गल्लीत शिरले, त्या दिवशी मी माणसांना आपापल्या भिंतीची भेग बोटानं मोठी करताना पाहिलं. ज्यांच्या भिंतीला भेग कमी होती ते शेजाऱ्याच्या भेगेकडं बघत होते. संध्याकाळी चुली दोन झाल्या, दुसऱ्या दिवशी सात. भूकंपानं जे केलं नाही ते एका यादीनं केलं. यादीत नाना नव्हते, दादा नव्हते, घर क्रमांक होते.

यादी उलटीही चालते, हे सांगायला हवं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. आमच्या गल्लीत रांगेला माणसं नसायची, घागरी असायच्या, आणि एखादीची घागर कुणी सरकवली तर गल्ली पेटायची. त्याच उन्हाळ्यात पानी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या साली राज्यातले तीनच तालुके होते. मराठवाड्यातून एक, अंबाजोगाई. तिथल्या एका गावची माझी सासुरवाडी. दोन पॅनलचं गाव, ग्रामपंचायतीपासून सोसायटीपर्यंत. (सहकारी सोसायटीची निवडणूक ज्यानं पाहिली आहे त्यानं सहकार या शब्दावर भाषण करू नये.) एकाच्या टपरीवर दुसऱ्याचा चहा प्यायचा नाही. आणि ते गाव पंचेचाळीस दिवस माळावर सलग समतल चर खोदत होतं, दोन्ही पॅनल, एका रांगेत. मी मेव्हण्याला विचारलं, काय जादू झाली? तो म्हणाला, "जादू कसली दाजी, खालच्या गावानं आमच्यापेक्षा जास्त चर मारले होते." एकीचं बळ वगैरे काही नाही. खालचं गाव. ते ओढ्यापलीकडं, दिवसा हाकेच्या अंतरावर, रात्री त्यांच्या कुदळींचे आवाज यायचे.

बक्षीस मिळालं नाही. पाणी मात्र आलं, विहिरी वर आल्या. आणि पुढच्या दोन वर्षांत त्या पाण्यावर बोअर पडायला लागले. मेव्हण्यानं पाचशे फूट घेतला तर शेजाऱ्यानं साडेसहाशे. जमिनीखाली कोण कुणाचं पाणी ओढतंय ते दिसत नाही. बांध कोरलेला दिसतो तरी.

बहुतेक मला एवढंच म्हणायचं आहे. माणसं स्पर्धा करतात की सहकार, हे पूर्व-पश्चिमेवर ठरत नाही. समोरचा दिसतो की नाही, यावर बरंच काही ठरतं. दादांना नाना दिसत होते. त्यांचं पीक, त्यांचं आजारपण, त्यांच्या पोरीचं लग्न, सगळं. त्यामुळं हरवायचं किती याला मर्यादा होती. तारखेहून परत एकाच एसटीनं यायचं होतं.

परीक्षेच्या यादीत मात्र समोरचा नसतोच. आणि यादी हा शोध काही पश्चिमेचा नाही. चीनमध्ये सरकारी चाकरीसाठी तेराशे वर्षं परीक्षा चालली, १९०५ मध्ये बंद झाली. आज तिथं दरवर्षी ७ जूनला महाविद्यालय प्रवेशाची परीक्षा सुरू होते. २०२४ मध्ये तिला एक कोटी चौतीस लाख पोरं होती. कोरियात नोव्हेंबरात अशीच परीक्षा असते. इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना पस्तीस मिनिटं देशभर विमानं उडत-उतरत नाहीत. पुमासीवाला देश हाच. एका पोराला नीट ऐकू यावं म्हणून सगळा देश श्वास धरतो, आणि ते पोरगं शेजारच्या बाकावरच्यापेक्षा एक गुण जास्त मिळवायला बसलेलं असतं. याला सहकार म्हणायचं की स्पर्धा?

तिथल्या सरकारांनी शिकवण्या बंद करूनही पाहिल्या. कोरियानं १९८० मध्ये बंदी घातली, ती २००० मध्ये कोर्टानं उडवली. चीननं २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बडगा उगारला. चिनी तरुणांनी या सगळ्याला एक शब्द शोधला आहे, 'नेइजुआन'. आत आत गुंडाळत जाणं. गंमत अशी की तो शेतीच्या अभ्यासातून आलेला शब्द. जावा बेटावरच्या भातशेतीचा अभ्यास करणाऱ्या एका अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं १९६३ साली ही कल्पना मांडली होती. त्याच तुकड्यात आणखी माणसं, आणखी राबणूक, आणि माणशी पीक तेवढंच. आमच्याकडं यासाठी घाण्याचा बैल आहे. डोळ्यांना झापड बांधलेला. पण घाण्याला बैल एक असतो. इथं २०२४ मध्ये नीटला नोंदणी होती चोवीस लाखांची.

मागच्या येळवशीला मी वरच्या पोरांना गावाकडं नेलं. ज्यांना वेळ अमावस्या ठाऊक नाही त्यांना कसं सांगू? मार्गशीर्षातली अमावस्या, लातूर शहराला त्या दिवशी टाळं लागतं, कलेक्टर सुट्टी देतात, सगळे रानात. कडब्याची कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर. आणि वाटेनं जो जाईल त्याला हाक मारून बसवायचं, ओळख असो-नसो. जेवून आलेल्यालाही "घोटभर आंबील तरी" म्हणून सोडायचं नाही. कंधारकर आला नाही. टेस्ट आहे म्हणाला. टेस्ट सगळ्यांनाच होती. जिंतूरकर आला, पुस्तक घेऊन.

दादा आता नाहीत. नाना चौऱ्याऐंशीचे आहेत. आमच्या कोपीत येऊन बसले, आधी आमच्या हरभऱ्याकडं बघून "घाटे कमीच लागलेत की" म्हणाले, मग जेवले. जेवता जेवता जिंतूरकराला विचारलं,

"कितवा नंबर तुजा?"

"एकशे बारावा, आजोबा. बॅचमध्ये."

"आन् पैला कोन हाय?"

त्यानं एक नाव सांगितलं.

"कुन्या गावचा?"

"माहीत नाही. ॲपवर नाव असतं फक्त."

नाना थोडा वेळ उंडा कुस्करत राहिले. "बघितलास न्हाई कधी? मग त्याचं काय कमी-जास्त हाय ते तुला कसं कळनार?"

पोराला प्रश्न कळला नाही. मलाही तो पूर्ण कळला असं म्हणवत नाही. नानांनी पुढं काही समजावलं नाही, त्यांचं लक्ष परत हरभऱ्याकडं गेलं.

निघताना बायकोनं कंधारकरासाठी डबा भरला. तीन पुडांचा, आईचा जुना पितळी. भज्जी, उंडे, वर खीर. घरी पोचल्यावर तो जिंतूरकराच्या हातात दिला आणि म्हणाली, त्याला दे, गार व्हायच्या आत खा म्हणावं. तो जिना चढून गेला. वरून दार उघडल्याचा आवाज आला, दोघांचं काहीतरी बोलणं, एकदा हसल्यासारखंही वाटलं. मग दिवा गेला, दहाच्या ठोक्याला. पांघरुणातली बॅटरी लागली का ते बघायला त्या रात्री कुणी वर गेलं नाही.

डबा अजून वरच आहे. बायको दोनदा म्हणाली, आईचा आहे, मागून आणा. मी अजून मागितलेला नाही.